हिरा नळीत की गाळात?

नैसर्गिक संपत्ती देशाला तारते की बुडवते, हा वाद निघाला की बोत्स्वाना आणि सिएरा लिओन यांची नावं हमखास येतात. दोन्ही देश आफ्रिकेतले, दोन्हींवर पूर्वी ब्रिटिशांचा अंमल, दोन्हींकडे हिरे. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी पेटली होती आणि बंडखोरांच्या बंदुकांचा खर्च बराचसा हिऱ्यांतून निघत होता. बोत्स्वाना 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढे तो मध्यम उत्पन्नाच्या वरच्या गटात जाऊन बसला. एकाचे नेते चांगले, दुसऱ्याचे भ्रष्ट, एवढं म्हणून चर्चा बहुधा आटोपते. मला मात्र आधी भूगर्भात डोकवावंसं वाटतं.

हिरे तयार होतात सुमारे 150 किलोमीटर किंवा त्याहूनही खोल. उद्रेकाच्या वेळी किम्बरलाइट या खडकाचा वितळलेला रस त्यांना वर आणतो आणि वर रुंद, खाली निमुळत्या नळीत थिजतो. बोत्स्वानातल्या ओरापाची नळी 1967 साली सापडली. ज्वानेंगची तर कालाहारीच्या वाळूखाली गाडलेली होती. वाळवीने खालून उकरून आणलेल्या गार्नेट आणि इल्मेनाइट या किम्बरलाइटमधल्या खनिजांच्या कणांवरून तिचा माग लागला, असं सांगतात. नळीतला हिरा काढायचा तर अख्खा खडक फोडून भरडावा लागतो. त्याला अफाट भांडवल लागतं, यंत्रं लागतात आणि खाणीला कुंपण घालता येतं. सरकारला वसुली करायची ती मोजक्याच ठिकाणी.

सिएरा लिओनच्या कोनो भागातही किम्बरलाइट आहे, पण पावसापाण्याने तो युगानुयुगं झिजला आणि हिरे नद्यांच्या गाळात दूरवर पसरले. ते काढायला फावडं, चाळण आणि कंबरभर पाण्यात उभं राहायची तयारी पुरते. 1930 च्या दशकात एका कंपनीला मक्ता दिला गेला, तरी 1950 च्या दशकात हजारो लोक चोरून खणतच होते. रात्रीचा वाळूउपसा रोखताना आपल्याकडच्या तहसीलदारांची काय गत होते हे ठाऊक असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

अर्थात सगळं श्रेय खडकाला देऊन चालणार नाही. बोत्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या काळात, 1967 साली, खनिजांचे हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे आले. ओरापा खुद्द खामांच्या टोळीच्या मुलखात होतं, हे विशेष. डी बीअर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा सुरुवातीला 15 टक्के होता. 1975 साली पुन्हा वाटाघाटी करून तो 50 टक्क्यांवर नेला. शाळा, दवाखाने, रस्ते या पैशातून झाले. 1994 पासून ‘पुला फंडा’त काही रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला पडू लागली.

पण ज्या नळीमुळे चोरी रोखता आली, तिच्यातच दुखणंही आहे. यंत्रांनी चालणारी खाण माणसं थोडीच पोसते. म्हणून बोत्स्वानात बेरोजगारी मोठी आणि विषमता जगातल्या सर्वाधिक विषम देशांच्या रांगेतली. दुसरे उद्योग उभे करायच्या योजना अनेक आखल्या गेल्या, तरी निर्यातीचा मोठा भाग हिऱ्यांचाच राहिला. आता सुरतेसारख्या ठिकाणी वायूतल्या कार्बनचे थरावर थर चढवून यंत्रात हिरे ‘उगवतात’ आणि खाणीतल्या हिऱ्याचा भाव पडतो. महसूल आटला, पगार-खर्चाची ओढाताण सुरू झाली. स्वातंत्र्यापासून सलग सत्तेत असलेला पक्ष 2024 च्या निवडणुकीत सपाटून हरला.