जुन्या फियाटचं फ्लोअर पत्राकाम

जुन्या गाडीतल्या सीटा, मॅट काढून खालचा सडलेला पत्रा कापायचा आणि नवा बसवायचा, हे काम. गॅरेजात नुसतं ‘फ्लोअर करणं’ म्हणतात. इथे ते कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० आणि तिचाच पुढचा अवतार असलेल्या प्रीमियर पद्मिनीपुरतं घेतलंय. पद्मिनी हे नाव साधारण १९७४ पासून धरतात, त्याआधी थोडा काळ ‘प्रेसिडेंट’ होतं. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, काही ठिकाणी २००१ लिहिलेलं दिसतं.

या गाडीत फ्लोअर म्हणजे फक्त पाय ठेवायची जागा नव्हे. १९५३ ला इटलीत आलेल्या ११००/१०३ पासूनच हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे फ्लोअर आणि दरवाज्याखालचा सिल दोन्ही सडले की गाडी मधे बसते आणि दरवाजे लागेनासे होतात.

फ्लोअर खालून सडतो की वरून, यावर मिस्त्रींमध्ये दोन मतं आहेत. चिखल आणि समुद्रकाठची खारी हवा खालून पत्रा खाते म्हणून खाली डांबर मारा, हे जुनं मत, आणि कोकणातल्या गाड्यांना ते बऱ्यापैकी लागूही पडतं. दुसरं मत असं की पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून पायापाशी उतरतं, मॅटखाली मुरतं आणि वर रबर असल्यामुळे वाळतच नाही. हे दुसरं जास्त पटण्यासारखं आहे, कारण पुष्कळ गाड्यांना खालचं डांबर शाबूत असतं आणि मॅट उचलली की ओल्या गोणपाटासारखा वास येतो, पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगून असा सुटतो.

काम सुरू करताना बॅटरी काढायची, फ्लोअरखालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप बाजूला घ्यायचे, आग लागते ती इथेच. मग स्क्रूड्रायव्हरने टोचत जायचं, चांगला पत्रा ‘टण्ण’ वाजतो, सडलेल्यात टोक सरळ आत जातं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, पण दोन्ही बाजू एकदम कधीच नाही, आणि सिलही कापायचा असेल तर आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप टाकून घ्यायचा. नवा पत्रा १८ किंवा २० गेजचा, म्हणजे सुमारे १.२ किंवा ०.९ मिमी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नये, वेल्डिंगला त्याचा धूर ताप आणतो. सलग वेल्डिंग केलं की पत्रा पापडासारखा वाकडा होतो म्हणून एकमेकांपासून लांब लांब अंतरावर वेल्डिंगचे टाके मारत, थंड होऊ देत पुढे जातात. सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकणं किंवा फायबर भरणं सर्रास चालतं, त्यात पाणी मधे अडकतं आणि काही पावसाळ्यांत तेच काम परत निघतं.

पुढे प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग, हे इतर पत्राकामासारखंच.

मॅट परत टाकायच्या आधी काचेचं रबर बदलतात, आत वर्तमानपत्र पसरतात आणि गाडीवर बाहेरून पाइपने पाणी मारतात. जिथला कागद भिजला तिथे अजून गळती आहे.