मोपा ते ओझर: अंतर किती, वेळ किती

गोव्यात पेडण्यातला मोपा आणि नाशिकजवळचा ओझर हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. त्यामुळे त्यांच्यातलं हवाई अंतर कागद-पेन्सिलीनेही काढता येतं. मोपाचा अक्षांश 15°44′, ओझरचा 20°07′. फरक 4 अंश 23 मिनिटं, म्हणजे (एका अंशाची 60 मिनिटं धरून) 263 मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल, म्हणून अंतर सुमारे 263 नॉटिकल मैल (पुढे नुसतं 'मैल' म्हटलं तरी हाच). किलोमीटर करताना मात्र जपा. नॉटिकल मैल 1,852 मीटरचा ठरलेला आहे, पण पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे आपल्याकडे एक मिनिट 1,845 मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे अंतर आलं 485 किलोमीटर. रस्त्याने हेच सहाशेच्या वर जातं.

रेखांश बदलला की एक पायरी वाढते. मोपा ते बेळगाव रेखांशाचा फरक 45 मिनिटं. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने, इथे 0.96 ने, गुणायचं. उत्तर 43 मैल. अक्षांशाचा फरक सातच मिनिटं, तो पायथागोरसने मिळवला की 44 मैल, म्हणजे 81 किलोमीटर.

आता वेळ. एटीआर 72 जातीचं पंख्याचं विमान वरच्या हवेत 270 नॉटच्या, म्हणजे ताशी 270 नॉटिकल मैलांच्या, आसपास जातं. 263 भागिले 270, म्हणजे 58 मिनिटं. हा आकडा तिकिटावर कधीच दिसत नाही, आणि त्याचं कारण दोन्ही टोकांना आहे. तिकिटावरची वेळ चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचा प्रवास आला, चढतानाचा कमी वेग आला, उतरतानाची शिस्त आली. हजार फूट उतरायला साधारण तीन मैल लागतात. 17,000 फुटांवरून, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असलेल्या ओझरला उतरायचं तर पंचेचाळीसेक मैल आधीच उतरण सुरू करावी लागते.

शिवाय प्रवास दक्षिणोत्तर आणि दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम! पश्चिमेचा वारा असला की विमान मोपाहून समुद्राकडे उडतं, मग उजवीकडे वळतं; ओझरला आधी विमानतळाच्या पूर्वेला जाऊन वळून उतरतं. हे सगळं धरलं की सव्वा ते दीड तास होतो. बेळगावसारख्या अंतराला तर निम्म्याहून जास्त वेळ या चढउतारात आणि जमिनीवरच जाईल. अंतर निम्मं झालं म्हणून वेळ निम्मा होत नाही.

वाऱ्याचा हिशेब मात्र इथे सोयीचा आहे. 30 नॉटचा वारा समोरून आला तर 58 ची 66 मिनिटं होतात. तोच पश्चिमेकडून, आडवा आला तर विमानाचं नाक सहाएक अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं आणि जेमतेम अर्धा मिनिट जातो.

पावसाळ्यातला उशीर वेगळा. धावपट्टी दिसत नसली की विमान वर घिरट्या घालतं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा तेच. एक फेरी चार मिनिटांची, तीन फेऱ्यांत बारा मिनिटं गेली. परतीला मोपावर उतरता आलं नाही तर गोव्यातलाच दुसरा विमानतळ, दाबोळी, फक्त 40 किलोमीटरवर आहे, पण मोपावर असलेला ढग बहुधा दाबोळीवरही असतो. म्हणून जुलैत लांबच्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं जास्तीचं इंधन भरून निघणंच योग्य.