दुसऱ्या लग्नाची मुलं ‘अनौरस’ नव्हेत

वंशावळी चाळताना एक चूक वारंवार दिसते आणि दर वेळी जीव तुटतो. पणजोबांच्या दोन बायका. थोरलीची मुलं ठळक रेघेने जोडलेली, धाकटीची तुटक रेघेने, आणि कडेला शब्द ‘अनौरस’. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “दुसरं लग्न कायद्याने चालत नाही ना!” आजचा कायदा पणजोबांना लावून मोकळे.

लग्नाचं मूल औरस, लग्नाशिवाय झालेलं अनौरस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो पहिली बायको हयात असताना लागलेल्या दुसऱ्या लग्नापाशी. तिथे आधी विचारायचं एकच: लग्न कोणत्या साली लागलं?

मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली १९४६ च्या कायद्याने. विदर्भ आणि मराठवाडा तेव्हा त्या प्रांतात नव्हते, म्हणून तो कायदा तिथे लागू नव्हता. पुढे १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा आला. म्हणजे पणजोबांनी १९३८ साली दुसरी बायको केली असेल, तर ते लग्न पूर्ण कायदेशीर. धाकटीची मुलं थोरलीच्या मुलांइतकीच औरस, वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्यासकट. जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदीत दोघींची मुलं एकाखाली एक वारस म्हणून लागलेली दिसतात, ती कुणा तलाठ्याची मेहेरबानी नव्हे. तो त्यांचा हक्कच होता.

१९५५ च्या कायद्यानंतरचं असं लग्न मात्र शून्य, मुळातच रद्दबातल. तरीही त्यातलं मूल अनौरस ठरत नाही! त्याच कायद्याचं कलम १६ त्याला औरस मानतं, आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी कोर्टाच्या हुकूमनाम्याचीही गरज नाही. फरक पडतो मालमत्तेत. हक्क आईवडिलांच्या मालमत्तेवर, इतर नातेवाइकांच्या नाही. एकत्र कुटुंबातल्या बापाचं काय, याचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली रेवणसिद्धप्पा खटल्यात केला: बाप मरण्याच्या ऐन आधी वाटणी झाली असं धरायचं, त्याच्या वाट्याला जे येईल त्यात या मुलालाही हिस्सा द्यायचा. मूल सहदायाद, म्हणजे एकत्र मालमत्तेत जन्मतःच वाटेकरी, मात्र होत नाही.

लग्नच लागलं नसेल तर गोष्ट वेगळी. १९५६ च्या वारसा कायद्यात ते मूल आईचं आणि आपल्या सख्ख्या भावंडांचं नातेवाईक. बापाच्या वारसांत नाही. त्याआधी, कोर्ट ज्या जातींना शूद्र धरत असे त्यांच्यात, दासीपुत्राला, म्हणजे लग्नाशिवाय ठेवलेल्या बाईच्या मुलाला, बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळे. म्हणून जुन्या वारसनोंदीत नाव सापडलं एवढ्यावरून आईबापांचं लग्न झालं होतं असं लिहू नका. उलटंही तितकंच चूक: नोंदणीचा दाखला नाही म्हणून लग्नच नाही, असं होत नाही. नोंद केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम ८ स्वच्छ सांगतं.

शेवटी त्या शब्दाविषयी, कारण त्यानेही बरेच फसतात. जुन्या दत्तकपत्रात ‘औरस संतती नाही’ असं असतं. तिथे ‘औरस’च्या समोर उभा असतो ‘दत्तक’, ‘अनौरस’ नव्हे. पोटचं मूल नाही म्हणून दत्तक घेतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. ते वाक्य वाचून त्या घरात लग्नाबाहेरचं मूल शोधायला निघू नका.