२७३.१५ आला कुठून?

सेल्सिअसचे केल्विन, म्हणजे शक्य त्या सर्वांत कमी तापमानापासून मोजलेले अंश, करायचे तर २७३.१५ मिळवा, उलट जायचे तर तेवढेच वजा करा. गणित एवढेच. पण दशांशचिन्हापुढचे ते १५ पुस्तकात नुसतेच येऊन बसतात. ते ठरायला अडीचशे वर्षे गेली.

उप्सालाचे खगोलशास्त्रज्ञ आंदेर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची मोजपट्टी मांडली ती उलटी: उकळते पाणी ०, वितळते बर्फ १००. पुढे काही वर्षांतच ती सुलट झाली. हा किस्सा सगळे सांगतात, पण सेल्सिअस यांचे मोलाचे काम वेगळेच होते. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू सरकतो, बर्फ वितळण्याचा बिंदू मात्र जवळपास जागचा हलत नाही, हे त्यांनी मोजून दाखवले. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. दाब सांगितल्याशिवाय ‘उकळते पाणी’ या खुणेला अर्थ नाही.

दुसरा धागा वायूंचा. १७०० च्या सुमारास पॅरिसमध्ये गियोम आमोंताँ यांना दिसले की कोंडलेली हवा थंड करावी तसा तिचा दाब ठरावीक प्रमाणात उतरतो. मग कुठेतरी तो शून्य होणारच. त्यांच्या आकड्यांवरून हे टोक आजच्या पट्टीवर उणे २४० च्या आसपास येते. १८०२ मध्ये गे-लुसाक यांच्या मोजणीत वायू दर अंशाला ० अंशावरच्या आकारमानाच्या सुमारे १/२६७ ने फुगला. त्यानंतर रेन्यो यांच्या काटेकोर प्रयोगांनी छेद २७३ वर आणला. शाळेत पाठ केलेला २७३ तो हाच.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे नाव या निरपेक्ष पट्टीसाठी १८४८ शी जोडले जाते. मात्र त्या वर्षीच्या निबंधातली पट्टी आजची नव्हे. कार्नो यांच्या उष्णता-इंजिनाच्या सिद्धांतावर ती उभी होती, पण तिचे अंश आजच्या अंशांशी साध्या बेरजेने जुळत नाहीत. ज्यूल यांच्याबरोबर काम केल्यावर १८५४ मध्ये आजचे रूप आले: दोन तापमानांचे गुणोत्तर म्हणजे आदर्श इंजिनाने घेतलेल्या आणि सोडलेल्या उष्णतेचे गुणोत्तर. शून्य (वायूंनी दाखवलेले तेच टोक) निसर्गानेच दिलेले असल्याने आणखी एकच खूण पक्की केली की पट्टी पूर्ण होते, हेही थॉमसन यांनी तेव्हाच म्हटले होते. ते अमलात यायला शंभर वर्षे लागली.

१९५४ च्या दहाव्या वजन-माप परिषदेने ती एक खूण निवडली: पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र असण्याचे तापमान, २७३.१६ केल्विन. बर्फाचा ० अंश का नको? कारण बर्फ-पाण्याच्या भांड्यात हवा विरघळते, क्षार राहतात, बर्फ वर तरंगतो आणि तळाशी ४ अंशांचे जड पाणी साचते. त्रिक बिंदूच्या सीलबंद काचपात्रात हवाच नसते. तिथे ही तिन्ही रूपे फक्त एकाच तापमानाला एकत्र नांदतात. पात्राच्या मधल्या नळीत कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून भोवती बर्फाचे वेष्टन जमवतात. मग नळीत क्षणभर खोलीच्या तापमानाची दांडी घालतात, म्हणजे आतून पाण्याचा पातळ थर सुटतो. पात्राला हलका झटका दिल्यावर वेष्टन मोकळे फिरले तरच वाचन घ्यायचे.

नेहमीचा बर्फबिंदू याच्या ०.०१ अंश खाली असतो. त्यातला तीन चतुर्थांश फरक वातावरणाच्या दाबाचा, उरलेला विरघळलेल्या हवेचा. म्हणून त्रिक बिंदू २७३.१६ आणि ० अंश सेल्सिअस २७३.१५. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी घालणे ही फार जुनी चूक. शिवाय एकदा सेल्सिअसची व्याख्याच केल्विनमधून आली म्हटल्यावर १०० हा आकडा पाण्याच्या हाती उरला नाही: १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान पट्टीवर प्रमाण दाबाला पाणी ९९.९७४ अंशांना उकळते. २० मे २०१९ पासून तर केल्विन पाण्यावरही अवलंबून नाही. तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा बोल्ट्झमन स्थिरांक १.३८०६४९ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्विन असा कायमचा ठरवून केल्विन त्यावर बसवला आहे. बेरजेतला २७३.१५ मात्र होता तिथेच आहे.

१९६७ पासून ‘अंश केल्विन’ म्हणत नाहीत, नुसते ‘केल्विन’.

चुका बेरजेत क्वचितच होतात; बेरीज कुठे करायची नाही, हे विसरल्याने होतात. फरकाला २७३.१५ मिळवायचे नसतात: ५ अंशांची वाढ म्हणजे ५ केल्विनची वाढ. उष्णतावाहकतेच्या ‘वॉट प्रति मीटर-केल्विन’ या एककात सेल्सिअस घातले तरी आकडा तोच राहतो. गुणोत्तरात मात्र केल्विनच लागतात. २७ अंशांच्या बंद टाकीत वायूचा निरपेक्ष दाब १० बार आहे आणि ती ५४ अंशांपर्यंत तापली. सेल्सिअसने भागाकार केला तर २० बार येतात. खरे उत्तर १० × ३२७.१५ ÷ ३००.१५, म्हणजे १०.९ बार. वातावरणाच्या वरचाच दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा घेतला असेल तर आधी त्यात वातावरणाचा सुमारे १ बार मिळवा, नाहीतर केल्विन बरोबर असूनही उत्तर चुकेल. अशा हिशोबात २७३ घेतले काय की २७३.१५, तापमानाच्या आकड्यात फरक दोन हजारांत एकाचा, उत्तरात तर त्याहूनही कमी. आणि डब्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या दिव्याचे ‘६२२६.८५ अंश’ करू नये: मूळ आकडाच शेकड्यांत गोळा केलेला आहे, आणि तो रंगाचा आहे, दिव्याच्या उष्णतेचा नव्हे.