दिवा चालू आहे की बंद, हे कोणाला विचारायचं?

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. खालचं दाबून दिवा लावायचा, वर पोचलं की वरचं दाबून घालवायचा. आता नुसतं खालचं बटण बघून दिवा चालू आहे की बंद ते ओळखून दाखवा. ओळखता येत नाही, कारण ते दोन्ही बटणं मिळून ठरवतात. घरातले दिवे-पंखे मोबाइलवरूनही चालवायचे आणि भिंतीवरची बटणंही शाबूत ठेवायची, या खटपटीत जे जे अडतं त्याचं मूळ या जिन्यात आहे.

साध्या खोलीत दिव्याला एकच बटण असतं, आणि बटण जसं, तसा दिवा. दिवा लावलेला आहे ही गोष्ट त्या बटणातली स्प्रिंग लक्षात ठेवते. मोबाइल आला की दुसरा हुकूम देणारा आला. मग लक्षात ठेवायचं कोणी?

मोबाइलचा हुकूम एक वायफाय चिप झेलते, आणि चिप व दिवा यांच्या मध्ये बसतो तो रिले, म्हणजे विजेने हलणारं बटण. ही तशी जुनी वस्तू. तारायंत्राच्या काळात, १८३५च्या सुमारास जोसेफ हेन्रीने ही कल्पना वापरून दाखवली होती. तारेच्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह सोडला की त्याचं चुंबक होतं, ते लोखंडाची पट्टी ओढून घेतं आणि पट्टीवरचा संपर्क जुळतो. टिक् असा आवाज येतो तो याचा. घरगुती कामात नेहमी दिसणाऱ्या छोट्या निळ्या रिलेच्या वेटोळ्याला ५ व्होल्ट आणि साधारण ७० मिलिअँपिअर लागतात, आणि त्याचे संपर्क २५० व्होल्टला १० अँपिअर पेलतील असं त्यावर छापलेलं असतं. दोन्ही बाजूंमध्ये तारेचा संबंध नसतो, असतं फक्त चुंबकीय क्षेत्र, म्हणून भिंतीतली वीज चिपपर्यंत पोचत नाही. ईएसपी८२६६सारख्या वायफाय चिपची पिन मात्र जेमतेम १२ मिलिअँपिअर देते, त्यामुळे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह सोडणारा ट्रान्झिस्टर मध्ये लागतो. शिवाय वेटोळ्याला डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) उलटा लावावाच लागतो. प्रवाह तुटताना वेटोळं साठवलेली ऊर्जा उंच व्होल्टेजच्या झटक्याने परत टाकतं, आणि तो झटका ट्रान्झिस्टरला मारू शकतो.

पहिल्यांदा करणारे बहुतेक जण रिले जुन्या बटणाच्या पुढे, त्याच तारेत जोडतात. मग कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की मोबाइलवर कितीही बोट आपटा, दिवा लागत नाही. म्हणून बटण त्या तारेतून काढून चिपच्या बाजूला, ३.३ व्होल्टवर आणायचं. आता बटण वीज तोडत नाही, चिपला फक्त खबर देतं. चिपकडे जाणारी ही तार घरच्या विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून न्यावी. शेजारून नेली तर एक धोक्याचं, आणि दुसरं म्हणजे त्या तारांची गुणगुण हिच्यात शिरते आणि कुणी हात न लावता दिवे लागतात.

आता चिपला काय शिकवायचं? ‘बटण चालू असेल तर रिले चालू, नाहीतर बंद’ हे सगळ्यांना आधी सुचतं, मलाही सुचलं होतं. मोबाइलवरून दिवा लावला. टिक्-टिक् असे दोन आवाज लागोपाठ आले, दिवा क्षणभर चमकून गेला. चिप ही ओळ सतत पुन्हा पुन्हा वाचत होती. भिंतीवरचं बटण ‘बंद’ असल्यामुळे मोबाइलचा हुकूम पुढच्याच फेरीत पुसला जात होता. उपाय जिन्यातलाच: बटण कुठे आहे ते बघायचं नाही, ते *बदललं का* एवढंच बघायचं. बदललं की दिव्याची स्थिती उलटी करायची.

पण बटण एकदा दाबलं म्हणून एकदाच बदलत नाही. धातूची दोन टोकं आपटतात, उसळतात, पुन्हा आपटतात, आणि काही मिलिसेकंदांत चिपला पाच-सात बदल दिसू शकतात. आपल्या डोळ्याला यातलं काही कळत नाही. प्रत्येक बदलाला चिप रिले उलटा करू पाहते, दिवा लुकलुकू शकतो आणि आपण बटण खराब आहे म्हणतो. यावर २० ते ५० मिलिसेकंद थांबून बटण स्थिरावलं का ते पाहायचं, मगच बदल मानायचा.

मोबाइलच्या बाबतीत नियम नेमका उलटा ठेवावा, यावर मी ठाम आहे. भिंतीवरचं बटण ‘उलटं कर’ म्हणतं. ॲपने मात्र ‘चालू कर’ किंवा ‘बंद कर’ असंच स्पष्ट सांगावं. नेटवर्कमध्ये निरोप कधी दोनदा पोचतो. ‘चालू कर’ दोनदा ऐकलं तर काही बिघडत नाही, ‘उलटं कर’ दोनदा ऐकलं तर सगळं मुसळ केरात. आणि ॲपमधलं चित्र बोट लावल्या लावल्या बदलू नये. चिपने ‘झालं’ असं कळवल्यावरच बदलावं. अशा कामाला सर्रास वापरला जाणारा एमक्यूटीटी प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची ठरलेली पद्धत) १९९९ सालचा. त्यात मधला सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवू शकतो. चिपने कळवलेली स्थिती जपून ठेवावी, म्हणजे ॲप उघडताच खरं काय ते दिसतं. हुकूम मात्र कधीही जपून ठेवू नये, नाहीतर लाइट जाऊन आली की कालचा ‘चालू कर’ आज पुन्हा पाळला जातो.

वायफाय नसताना बटण चाललंच पाहिजे. कित्येक प्रोग्रॅम सुरुवातीला वायफाय मिळेपर्यंत तिथेच अडून बसतात, आणि तेवढा वेळ भिंतीवरचं बटण मुकं होतं. अंधारात बटण चाचपणाऱ्या घरातल्या वयस्कर माणसाला राउटरचं काय देणंघेणं?

एका चुकीने मला फार दिवस छळलं. लाइट गेली की कधी यंत्रणा परत सुरू व्हायची, कधी नाही. शेवटी लक्षात आलं की एक बटण मी ईएसपी८२६६च्या जीपीआयओ शून्य या पिनवर जोडलं होतं (खबर घेण्या-देण्याच्या पिनांना जीपीआयओ म्हणतात). वीज येताना ही पिन शून्य व्होल्टवर असेल तर चिप नवा प्रोग्रॅम भरून घेण्याची वाट बघत बसते. बटण ‘चालू’कडे राहिलेलं असेल त्या दिवशी सगळं घर गप्प! जीपीआयओ २ आणि १५ यांचेही असेच हट्ट आहेत, म्हणून बटणांसाठी ४, ५, १२, १३, १४ या पिना बऱ्या.

चिपच बिघडली तर? मला सगळ्यात आवडणारी जोडणी इथे कामी येते. रिलेच्या संपर्कांच्या बाजूला तीन टोकं असतात: कॉमन (सामाईक), नॉर्मली ओपन (एरवी सुटलेलं) आणि नॉर्मली क्लोज्ड (एरवी जुळलेलं). म्हणजे तो स्वतःच जिन्यातल्या टू-वे बटणासारखा आहे. भिंतीवर टू-वे बटण, दुसऱ्या बटणाच्या जागी रिले, मध्ये दोन तारा. चिप मेली तरी बटण आपलं काम करत राहतं. अर्थात इथे बटण पुन्हा घरच्या विजेवर येतं, तेव्हा मेन स्विच बंद करून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच हे करून घ्यावं, आणि रिले फेजच्या तारेतच बसवायला सांगावं. या जोडणीत चिपला दिव्याची स्थिती आपोआप कळत नाही. त्यासाठी दिव्याकडे जाणाऱ्या तारेवर ऑप्टोकप्लर (तारेचा संबंध न ठेवता प्रकाशातून खबर देणारा भाग) लावून तिथे वीज पोचली का ते बघावं लागतं. मग ॲपमध्ये दिसतं ते थेट दिव्याच्या तारेवरून आलेलं असतं, आणि रिलेचे संपर्क कधी वितळून चिकटले तर तेही तिथेच कळतं.