गव्हाचा माल्ट की कच्चा गहू? आंबट बिअरचं धान्य निवडताना

आंबट गव्हाच्या बिअरच्या कृतीत बऱ्याचदा नुसतं ‘गहू ५० टक्के’ लिहिलेलं असतं, आणि आपण हाताशी असेल तो गहू मोजून मोकळे होतो. इथेच गोची होते. मोड आणून वाळवलेला गहू, म्हणजे गव्हाचा माल्ट, आणि साधा कच्चा गहू या कामासाठी पार वेगळ्या वस्तू आहेत.

दिसायला दाणे सारखेच. ओळखायचे तर दाताखाली धरा. माल्ट कुरकुरत फुटतो आणि गोडसर लागतो, कच्चा गहू टणक राहतो. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम तयार होतात, म्हणून माल्ट आपलं स्टार्च आपणच फोडतो. कच्च्या गव्हाला ती एन्झाइम बार्लीच्या माल्टकडून उसनी घ्यावी लागतात. एक बरं आहे, गव्हाचं स्टार्च साधारण ५२ ते ६४ अंश सेल्सिअसला फुगून मऊ होतं. बारीक दळला असेल तर नेहमीच्या ६६ अंशांच्या मॅशमध्येच, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात मुरवतानाच, त्याचं भागतं. मक्यासारखा आधी वेगळा शिजवावा लागत नाही.

कच्च्या गव्हाने बिअर जास्त आंबट होते, ही समजूत मात्र सोडून द्या. आंबटपणा जिवाणू आणतात. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूला लागते तेवढी साखर माल्टच्या आणि कच्च्या गव्हाच्या, दोन्ही मिश्रणांत असते. फरक कळतो तो पुढे. लॅम्बिक या बेल्जियमच्या आंबट बिअरसाठी टर्बिड मॅश करतात, म्हणजे मॅशमधलं गढूळ पाणी अधूनमधून काढून तापवतात. त्या उष्णतेने त्यातली एन्झाइम मरतात आणि कच्च्या गव्हाचं बरंचसं स्टार्च आणि डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट फुटलेले तुकडे, तसंच उरतं. साध्या यीस्टला ते पचत नाही. ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट मात्र ते महिनोन्महिने पुरवून खातं. म्हणून ब्रसेल्सच्या आसपासच्या लॅम्बिकमध्ये ३० ते ४० टक्के कच्चा गहू असतो, आणि बिअर पिंपात एक ते तीन वर्षं निवांत पडून राहते.

बर्लिनर वाइस या बर्लिनच्या हलक्या आंबट बिअरचा खाक्या वेगळा. अल्कोहोल जेमतेम ३ टक्के, आणि गहू असतो तो माल्टच. भांड्यातच दोन दिवसांत आंबवून महिन्याभरात प्यायची असेल, तर कच्च्या गव्हातलं ते उरलंसुरलं खायला कोणी नसतं. माझा कौल सरळ माल्टला. २० लिटरसाठी दीड किलो गव्हाचा माल्ट आणि दीड किलो पिल्सनर माल्ट (बार्लीचा फिकट माल्ट) पुरतो. कच्चा गहू वर्षभर थांबायची तयारी असेल तेव्हाच.

गाळताना मात्र दोन्ही सारखेच छळतात, कारण गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं. पहिल्या खेपेला मी निम्मा कच्चा गहू घातला होता. तळाशी खळ साचली आणि तोटीतून थेंब पडेना. तेव्हापासून धान्याच्या ५ टक्के भाताचं तूस न विसरता घालतो. त्याने चवीत काही फरक पडत नाही.

गव्हाचे फ्लेक्स, म्हणजे वाफवून चपटे केलेले दाणे, घेतले तर दळणाचा त्रास वाचतो आणि स्टार्चही आधीच मऊ झालेलं असतं. त्यांत एन्झाइम मात्र नसतात, म्हणून मिश्रणाचा हिशेब करताना ते कच्च्या गव्हाच्याच खात्यात धरायचे.