हायब्रिड कनेक्शन म्हणजे छोटा व्हीपीएन नव्हे

वेब अ‍ॅप अ‍ॅझ्युरच्या अ‍ॅप सर्व्हिसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, आणि डेटाबेस कारखान्यातल्या एसक्यूएल सर्व्हरवर, ही मांडणी आता एमआयडीसीतल्या लहान कंपन्यांमध्येही सर्रास दिसते. विक्रीवाल्यांना मोबाईलवर स्टॉक दिसायला हवा असतो, पण ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस जागेवरून हलवायला मालक तयार नसतात. मग प्रश्न येतो की अ‍ॅप डेटाबेसला जोडायचं कसं? त्यावर कुणीतरी ठोकून सांगतं, "हायब्रिड कनेक्शन टाका, तो छोटा व्हीपीएनच आहे." या एका वाक्यापायी लोकांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

व्हीपीएन तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. कारखान्याचा राउटर आणि अ‍ॅझ्युरचा व्हीपीएन गेटवे यांच्यात बोगदा बांधायचा. तो गेटवे अ‍ॅझ्युरमधल्या तुमच्या आभासी नेटवर्कमध्ये, म्हणजे व्हीनेटमध्ये, असतो. व्हीनेट इंटिग्रेशन करून अ‍ॅपला त्या आभासी नेटवर्कमध्ये वाट करून द्यायची. त्यानंतर अ‍ॅपमधून निघालेलं पॅकेट राउटिंगच्या नियमाने थेट डेटाबेसच्या मशीनपर्यंत जातं. हा रस्ता आहे. फायरवॉलने अडवलं नाही तर त्यावरून काहीही जाऊ शकतं.

हायब्रिड कनेक्शनमध्ये रस्ताच नसतो. अ‍ॅपचं एकही पॅकेट कारखान्याच्या नेटवर्कवर पोहोचत नाही. गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कारखान्यातल्या एखाद्या मशीनवर हायब्रिड कनेक्शन मॅनेजर नावाची सर्व्हिस बसवतात. ती आतून बाहेर, ४४३ पोर्टवरून, अ‍ॅझ्युर रिले या मधल्या सेवेला जोडलेली राहते. बाहेरून आत एकही पोर्ट उघडावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. अ‍ॅप जेव्हा 'ईआरपीडीबी, पोर्ट १४३३' असं काही मागतं, तेव्हा अ‍ॅप सर्व्हिस फक्त एवढंच बघते की ही नाव-पोर्टाची जोडी आपल्याकडे नोंदवलेली आहे का. असेल तर ते कनेक्शन जागीच धरून रिलेकडे वळवते. रिले मॅनेजरला कळवतो. मॅनेजर त्याच्या मशीनवरून डेटाबेसकडे स्वतःचं नवं, वेगळं टीसीपी कनेक्शन उघडतो आणि इकडचे बाइट तिकडे पोहोचवतो. तो निरोप्या आहे. डेटाबेसचं दार अ‍ॅप वाजवत नाही, मॅनेजर वाजवतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पहिली गोष्ट नावाची. 'ईआरपीडीबी' म्हणजे कोणता आयपी, हे मॅनेजरचं मशीन ठरवतं. अ‍ॅझ्युरच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) ते नाव घालण्यात अर्थ नाही. ते नाव कारखान्यातल्या त्या एका मशीनला समजलं की पुरे. आणि कनेक्शन नोंदवताना आयपी न देता नावच द्या. वळवण्याचं काम नावाच्या चौकशीवर चालतं, त्यामुळे १९२.१६८.१.१० असं थेट लिहिलं तर ते चालेल की नाही हे तुमच्या क्लायंट लायब्ररीच्या मर्जीवर राहतं. व्हीपीएनमध्ये याच्या नेमकं उलट. तिथे नाव अ‍ॅपच्या बाजूला उलगडावं लागतं, म्हणून व्हीनेटला कारखान्याचा डीएनएस सर्व्हर दाखवावा लागतो. लोक हायब्रिड कनेक्शनसाठी डीएनएस फॉरवर्डर उभारत बसतात आणि व्हीपीएनसाठी काहीच करत नाहीत.

दुसरी गोष्ट पोर्टची. निरोप्याला एकच पत्ता दिलेला आहे, एक नाव आणि एक टीसीपी पोर्ट. यूडीपी ही दुसरी पद्धत त्याला येत नाही. आता 'सर्व्हर\एसक्यूएलएक्सप्रेस' अशी कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता सांगणारी ओळ, आठवा. ही नेम्ड इन्स्टन्स, म्हणजे त्या मशीनवरची वेगळ्या नावाची एसक्यूएल सर्व्हरची प्रत. तिचा पोर्ट कोणता हे विचारायला क्लायंट आधी एसक्यूएल ब्राउझरकडे जातो, तेही यूडीपी १४३४ वर. ती चौकशी मॅनेजरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, त्या इन्स्टन्सचा टीसीपी पोर्ट कायमचा ठरवून द्या, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि स्ट्रिंगमधून उलटी तिरकी रेघ काढून टाका. सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, पोर्ट. एवढंच. हो, स्वल्पविराम. तिथे कोलन टाकून संध्याकाळ घालवणारे अजून भेटतात.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त रडवणारी: तपासणी कुठून करायची?

चाकणजवळच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं. तिथल्या मंडळींचे दोन दिवस यातच गेले होते. पोर्टलवर 'कनेक्टेड' दिसत होतं. अ‍ॅपच्या कुडू या तपासणीच्या कन्सोलमधून टीसीपीपिंग (पोर्ट उत्तर देतो का ते बघणारी कमांड) केलं तर तेही यशस्वी. मॅनेजर ज्या मशीनवर होता त्याच मशीनवर एसक्यूएल एक्सप्रेस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची मोफत आवृत्ती, होतं, आणि तिथे डेटाबेस उघडून बघायचा मॅनेजमेंट स्टुडिओ झटकन उघडत होता. म्हणजे डेटाबेस ठीक, अ‍ॅझ्युर ठीक, तरी अ‍ॅपला मात्र टाइमआउट. सगळा संशय पासवर्डवर, आणि तो तीनदा बदलून झालेला.

त्या मशीनवर पॉवरशेल उघडलं, टेस्ट-नेटकनेक्शनला सर्व्हरचं नाव आणि १४३३ दिलं. थोडा वेळ थांबून उत्तर आलं: टीसीपीटेस्टसक्सीडेड, फॉल्स.

एसक्यूएल एक्सप्रेस बसवलं की त्याचं टीसीपी/आयपी मुळात बंद असतं. स्टुडिओ त्याच मशीनवरून शेअर्ड मेमरीने जोडला जात होता, त्याला नेटवर्कची गरजच नव्हती. टीसीपी चालू केलं, पोर्ट पक्का केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि अ‍ॅप चालू झालं.

मग टीसीपीपिंग यशस्वी कसं होतं? कारण त्या कनेक्शनला उत्तर देतं ते अ‍ॅप सर्व्हिसचं वळवणारं यंत्रच. त्या यशाचा अर्थ एवढाच की नाव-पोर्टाची जोडी नोंदवलेल्या जोडीशी जुळली. डेटाबेसचं मशीन बंद करून ठेवलंत तरी ते यशस्वीच दिसेल. पोर्टलवरच्या 'कनेक्टेड'चा अर्थही तेवढाच, की मॅनेजर अ‍ॅझ्युरपर्यंत पोहोचला आहे. डेटाबेसबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही, आणि तो शब्द निवडणाऱ्यांवर माझा कायमचा राग आहे. व्हीपीएनच्या मांडणीत हेच टीसीपीपिंग खरं बोलतं, कारण तिथे पॅकेट खरोखर डेटाबेसपर्यंत जाऊन येतं. तेव्हा हायब्रिड असेल तर तपासणी मॅनेजरच्या मशीनवरून करा आणि व्हीपीएन असेल तर अ‍ॅपवरून.

जोडणी झाल्यावर कोण आलंय हे डेटाबेसलाच विचारता येतं. डीएम-एक्झेक-कनेक्शन्स या व्ह्यूमध्ये क्लायंटचा पत्ता दिसतो. हायब्रिड असेल तर तिथे मॅनेजरच्या मशीनचा पत्ता असतो, व्हीपीएन असेल तर व्हीनेटमधल्या अ‍ॅपच्या सबनेटमधला (त्याच्यासाठी राखलेल्या पत्त्यांच्या गटातला) एखादा. फायरवॉलचा रूलही त्याप्रमाणेच लिहायचा: हायब्रिडला मॅनेजरच्या मशीनपुरता, व्हीपीएनला अख्ख्या सबनेटसाठी, कारण अ‍ॅपला त्यातला कोणता पत्ता मिळेल ते ठरलेलं नसतं.

व्हीपीएनवाल्यांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. दोन्हीकडे एकच आयपी रेंज निघते. व्हीनेट करताना पोर्टल सुचवतं ते १०.०.०.०/१६ तसंच ठेवलं आणि कारखानाही दहाच्याच रेंजमध्ये असला की झालं. किंवा परतीचा रूट राहून जातो: पॅकेट डेटाबेसपर्यंत पोहोचतं, उत्तराला घरी यायची वाट सापडत नाही. शिवाय कारखान्याच्या राउटरला खरा पब्लिक आयपी लागतो. साधं ब्रॉडबँड बरेचदा सीजीनॅटच्या मागे असतं, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटलेला असतो, तिथे आधी इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या. हायब्रिडला यातलं काहीच लागत नाही.

किंमत आणि प्लॅनचे तपशील पोर्टलवर वाचा. हायब्रिड कनेक्शन आणि व्हीनेट इंटिग्रेशन दोन्ही बेसिक प्लॅनपासून मिळतात, फ्री आणि शेअर्डमध्ये नाहीत. विंडोज ऑथेंटिकेशनची आशा दोन्हीकडे सोडा. अ‍ॅप सर्व्हिस तुमच्या डोमेनमध्ये येत नाही, त्यामुळे एसक्यूएल लॉगिन करा आणि त्याला लागतील तेवढेच हक्क द्या. प्रायव्हेट एंडपॉइंटही कुणी या यादीत घुसवतं. तो अ‍ॅपकडे आत येणाऱ्या रहदारीसाठी असतो, अ‍ॅपमधून बाहेर जायला त्याचा काही उपयोग नाही.

माझी निवड विचाराल तर डेटाबेस एक आणि पोर्ट एक असेल तर हायब्रिड, डोळे झाकून. अ‍ॅप फोडून कुणी आत शिरलं तरी त्याच्या हाती त्या एका पोर्टपलीकडे काही लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फाइल शेअर, एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी), पाच-सात सर्व्हर असं काही असेल तर व्हीपीएनच घ्या. निरोप्यांची फौज उभी करू नका. आणि राउटरवर १४३३ फॉरवर्ड करून डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा टाकणं ही तिसरी पद्धत मी कुणालाही, एका दिवसापुरतीसुद्धा करू देत नाही.

हायब्रिड घेणार असाल तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. कनेक्शन तयार करताना रिलेची जागा अ‍ॅपच्याच रीजनमध्ये निवडा. अ‍ॅप सेंट्रल इंडियात, म्हणजे पुण्यात, कारखाना चाकणला आणि रिले चुकून अमेरिकेत, असं झालं तर प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून जाते आणि परत येते. आणि मॅनेजर दोन मशीनवर बसवा. एकच कनेक्शन दोन्हीकडे जोडता येतं, एक बंद पडलं तर दुसरं काम सांभाळतं. त्यातलं एकही मशीन अकाउंट्सच्या टेबलावरचा संगणक नको, कारण तो संध्याकाळी सहाला बंद होतो.